पॉट्सव्हिलचे हुकलेले विजेतेपद

अमेरिकेच्या पेनसिल्वेनिया राज्यातील पॉट्सव्हिल हे दगडी कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातील छोटे शहर. तेथील 'मरून्स' हा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघ १९२५ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) प्रथमच उतरला आणि त्याने १२ पैकी १० सामने जिंकले. ६ डिसेंबर रोजी शिकागोत जाऊन त्याने बलाढ्य शिकागो कार्डिनल्सला २१-७ असे नमविले. तरीही त्या वर्षीचा विजेता म्हणून लीगच्या दप्तरी नाव आहे ते कार्डिनल्सचे! हा वाद पुढे अनेक दशके धुमसत राहिला.

तो समजून घ्यायचा, तर तेव्हाची लीग कशी चालत असे हे पाहावे लागते. एनएफएलची स्थापना १९२० मध्ये ओहायो राज्यातील कँटन येथे झाली. १९२५ मध्ये लीगमध्ये २० संघ होते. पण ठरावीक वेळापत्रक नव्हते आणि अंतिम सामनाही नव्हता. संघमालक आपसांत सामने ठरवीत. बरोबरीतील सामने वगळून विजयांची टक्केवारी काढली जाई आणि त्यावर विजेता ठरे. लोकांचे प्रेम मात्र महाविद्यालयीन फुटबॉलवर होते. पैशांसाठी खेळणाऱ्यांकडे काहीशा तुच्छतेनेच पाहिले जाई.

पेनसिल्वेनियात तेव्हा रविवारी खेळ भरविण्यास कायद्याने बंदी होती. फिलाडेल्फियातील फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स हा संघ ती पाळून घरचे सामने शनिवारी खेळे. पॉट्सव्हिल मात्र कायद्याकडे काणाडोळा करून रविवारी खेळे. त्यामुळे पाहुण्या संघाला एकाच प्रवासात दोन सामन्यांची मिळकत होई. ही सोय दोन्ही शेजाऱ्यांच्या पथ्यावर पडली, तरी त्यांचे वैर तीव्र होते. या मोसमात फ्रँकफर्डने मरून्सला २०-० ने हरविले, तर मरून्सने २९ नोव्हेंबर रोजी ४९-० अशी परतफेड केली.

कार्डिनल्सवरील विजयानंतर पॉट्सव्हिलची टक्केवारी ८३.३ झाली आणि शिकागोची ८१.८ वर घसरली. मोसम अधिकृतपणे संपण्यास मात्र दोन आठवडे शिल्लक होते. कार्डिनल्सचे मालक ख्रिस ओब्रायन यांनी घाईघाईने आणखी दोन सामने ठरविले. १० डिसेंबरला मिलवॉकी बॅजर्सवर ५९-० आणि १२ डिसेंबरला हॅमंड प्रोजवर १३-० असे विजय मिळवून कार्डिनल्सने ८४.६ टक्के गाठले. त्यातील मिलवॉकीची कहाणी तर लाजिरवाणीच होती. खेळाडू कमी पडल्याने त्या संघातून शाळेत शिकणारी चार मुले उतरविण्यात आली होती! लीगने दोन्ही संघांना दंड केला. पण गुणतक्त्यातील तो विजय तसाच राहिला.

त्याच १२ डिसेंबरला मरून्स फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कवर वेगळाच सामना खेळत होते. समोर होता नोत्र दाम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंचा संघ. १९२४ च्या मोसमात अपराजित राहिलेल्या या विद्यापीठाचे 'चार घोडेस्वार' अमेरिकेत घरोघरी पोहोचले होते. मोठी तिकीटविक्री पॉट्सव्हिलच्या छोट्या मैदानात शक्य नव्हती, म्हणून हा सामना शहराबाहेर नेण्यात आला. चार्ली बेरीच्या अखेरच्या टप्प्यातील फील्ड गोलमुळे मरून्स ९-७ ने जिंकले. व्यावसायिक संघ महाविद्यालयीन ताऱ्यांपेक्षा सरस असू शकतो, हे या निकालाने दाखविले. सर्व लीगचाच मान वाढविणारा हा विजय होता आणि नेमका तोच मरून्सना महागात पडला.

फिलाडेल्फिया हे लीगच्या नियमानुसार फ्रँकफर्डचे राखीव क्षेत्र. त्या संघाने तक्रार केली. लीगचे अध्यक्ष जो कार यांनी आधीच मनाई केली होती. त्यांनी मरून्सना ५०० डॉलर दंड करून निलंबित केले. लीगच्या कार्यालयाने दूरध्वनीवरून परवानगी दिली होती, हा पॉट्सव्हिलचा दावा त्यांनी मानला नाही. कार यांची अडचणही समजण्यासारखी आहे. मनास येईल तेथे खेळण्याची मुभा दिली असती, तर ही विस्कळीत लीग टिकली असती का? पण शाळकरी मुलांविरुद्धचा विजय कायम राहावा आणि खऱ्या कसोटीचा विजय अपराध ठरावा, हा न्याय पॉट्सव्हिलकरांच्या गळी उतरला नाही. ओब्रायन यांनी स्वतः हा किताब स्वीकारण्यास नकार दिला होता. कार्डिनल्सची मालकी बिडविल कुटुंबाकडे गेल्यानंतर मात्र क्लबने त्यावर हक्क सांगितला.

१९२६ मध्ये मरून्सना लीगमध्ये परत घेण्यात आले. पण १९२९ मध्ये संघ बॉस्टनला हलला आणि तेथेच बंद पडला. पॉट्सव्हिलकरांनी दगडी कोळशातून कोरून घेतलेला फुटबॉल आजही कँटनच्या 'हॉल ऑफ फेम' संग्रहालयात आहे. १९६३ मध्ये संघमालकांनी फेरविचाराची मागणी १२ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. २००३ मध्ये पुन्हा मतदान झाले, तेव्हा ३० मते विरोधात पडली. बाजूने पडलेली दोन मते होती फिलाडेल्फिया ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्सची. दोन्ही संघ पेनसिल्वेनियाचेच.