मलेशियाचा पाच वर्षांचा राजा
मलेशियात राजा निवडला जातो, तोही फक्त पाच वर्षांसाठी! तेरापैकी नऊ राज्यांत राजघराणी आहेत. ते नऊ राज्यकर्ते गुप्त मतदानाने आपल्यातल्याच एकाला देशाचा राजा करतात, आणि व्यवहारात गादी पाळीपाळीने फिरते. म्हणजे संघराज्य तिथे संसदेपुरतं नाही, सिंहासनातही मुरलेलं आहे. कारभार मात्र मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. १९९४ च्या घटनादुरुस्तीनंतर तर राजाने सही केली नाही, तरी संसदेने मंजूर केलेल्या सर्वसाधारण विधेयकाचा ३० दिवसांनी कायदा होतो.

मग राजा शोभेचाच का? तसंही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये २२२ जागांच्या सभागृहात कुठल्याच आघाडीला ११२ चा आकडा गाठता आला नाही, तेव्हा राजे अब्दुल्ला यांनी अन्वर इब्राहिम यांना पंतप्रधान नेमलं. लोकांनी न निवडलेल्या माणसाने हे ठरवावं का, हा आक्षेप रास्तच. २०२० मध्ये मुहिद्दीन यासिन यांची नेमणूक झाली, तेव्हा बहुमत आपल्याकडे असल्याचं मावळते पंतप्रधान महाथीर सांगतच होते. पण घटना राजाला आवडीनिवडीची मुभा देत नाही: बहुसंख्य सदस्यांचा विश्वास मिळू शकेल असाच खासदार नेमावा लागतो, आणि हा अंदाज पुढे सभागृहात तपासता येतो. अन्वर यांनी डिसेंबरात विश्वासदर्शक ठराव जिंकला. मुहिद्दीन यांना मात्र बहुमत गमावल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये पायउतार व्हावं लागलं होतं.