कॉम्प्युटर निळा पडला? फॉरमॅट मारायची घाई नको
पाथर्डी : १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या चुकलेल्या अपडेटमुळं जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. घरचा पीसी मात्र बहुतेकदा धुळीनं तापून, सैल रॅममुळं नाहीतर ड्रायव्हर बिघडल्यानं पडतो. लाईट अचानक गेली तरी विंडोजच्या फाइली खराब होतात.

आधी स्क्रीनवरच्या कोडचा मोबाईलवर फोटो घ्या. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असेल तर पहिला संशय रॅमवर. पिन काढून धूळ झटका, रॅम पुन्हा घट्ट बसवा. नवीन प्रिंटर जोडल्यावर सुरू झालं असेल तर सेफ मोडमधून त्याचा ड्रायव्हर काढा.

माझा दोन वर्षांचा दुधाचा हिशोब फॉरमॅटमध्ये गेला. म्हणून सांगतो, आधी पेनड्राइव्हवर कॉपी, मगच दुरुस्ती.