मशीन यायच्या आधी

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी बेंगळुरूहून वडोदऱ्याला, दांडिया बाजारातल्या घरी आलो होतो. दिवसा ऑफिसचं काम, रात्री लॅपटॉपवर माझा अभ्यास. एकदा बाबांनी विचारलं, "रोज दोन वाजेपर्यंत काय चाललंय?"

"नव्या प्रोसेसरवर हायपरवायझर चालवून बघतोय."

"प्रोसेसर कुठाय?"

"अजून बाजारात नाही आला." बाबा हसले.

हायपरवायझर म्हणजे एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणारी व्यवस्था. क्लाउडच्या मुळाशी तीच असते. लिनक्स कर्नलमध्ये 2007 पासून केव्हीएम नावाने ही सोय आहे, पण प्रोसेसरच्या प्रत्येक जातीसाठी तिचा काही भाग नव्याने लिहावा लागतो. मी बघत होतो तो प्रोसेसर रिस्क-फाइव्ह जातीचा. बर्कले विद्यापीठात 2010 मध्ये सुरू झालेली ही रचना कोणीही परवान्याचे पैसे न भरता वापरू शकतो.

यात कर्नलला करायचं काय असतं? आतल्या पाहुण्या सिस्टिमला वाटतं, सगळी मेमरी आपलीच. म्हणून तिने दिलेला पत्ता प्रोसेसर आणखी एकदा बदलतो आणि मेमरीतली खरी जागा गाठतो. त्या दुसऱ्या बदलाचा तक्ता केव्हीएम सांभाळतं. पाहुण्याने त्याच्या अधिकाराबाहेरचं काही मागितलं, की प्रोसेसर त्याला थांबवून ताबा केव्हीएमकडे देतो. पाहुण्याकडे काम नसेल, तर तेवढा वेळ प्रोसेसर दुसऱ्याला मिळतो.

खरी चिप नसली तरी क्यूईएमयू नावाचा मोफत प्रोग्रॅम तिची हुबेहूब नक्कल करतो. त्यावर मी स्वतःचा छोटा हायपरवायझर लिहायला घेतला, आणि अडलो. पाहुणी सिस्टिम सुरूच होईना. दोन आठवडे मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी कळलं, की मी जुना मसुदा समोर ठेवून लिहीत होतो आणि नियम मध्येच बदलले होते.

बाबा कारखान्यात फिटर होते. ऐकून म्हणाले, "मशीन यायच्या आधी आम्हीही फाउंडेशनची तयारी करायचो. पण ड्रॉइंग पक्कं झाल्याशिवाय काँक्रीट नाही ओतायचो. बोल्ट चुकले तर सगळं फोडावं लागतं."

लिनक्सवाल्यांचा नियम नेमका हाच होता. रिस्क-फाइव्हसाठी केव्हीएमचं कोड 2019 मध्येच मांडलं गेलं होतं. पण हायपरवायझरचा मसुदा गोठवला जाईपर्यंत ते मुख्य कर्नलमध्ये घ्यायचं नाही, असं ठरलं. एकदा कर्नलमध्ये गेलेली सोय लोक वापरू लागतात, मग ती मोडता येत नाही. लिहिणारे थांबले, पण स्वस्थ बसले नाहीत. सुधारत सुधारत त्यांनी वीस आवृत्त्या काढल्या. 2021 मध्ये मसुदा पक्का झाला आणि जानेवारी 2022 च्या लिनक्स 5.16 मध्ये ते कोड आलं.

त्यात माझी एकही ओळ नाही. पण तेव्हापासून नवं काम हातात घेतलं, की मी आधी मसुद्याची तारीख बघतो.

आपल्या मंडळातल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनो, यासाठी महागडं यंत्र लागत नाही. साधा लॅपटॉप, क्यूईएमयू आणि लिनक्सचं कोड पुरे. 'आर्च' फोल्डरमध्ये 'रिस्कव्ही' आणि त्यात 'केव्हीएम' उघडा. पहिल्या दिवशी फार काही कळणार नाही. मलाही कळलं नव्हतं.