चौकटीतील पिसू : हूक यांचे ताम्रचित्र

• रॉबर्ट हूक (१६३५–१७०३) यांच्या, रॉयल सोसायटीच्या अनुज्ञेने लंडनमध्ये १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथातील हे घडीचे पान होय. प्रत्यक्षात दोन-तीन मिलिमीटरांची असलेली पिसू सूक्ष्मदर्शकातून न्याहाळून, केसागणिक रेखाटून, येथे सुमारे दीड फूट रुंदीच्या कागदावर, एखाद्या चिलखतधारी सरदाराच्या रुबाबात, उभी केली आहे.

• पिसू : पंखहीन, रक्तशोषक बाह्यपरोपजीवी कीटक. शरीर दोन्ही कुशींकडून चपटे. मागचे पाय उडीसाठी. अंडे, अळी, कोश, प्रौढ असे पूर्ण रूपांतर.

• ऊ : हिचेही चित्र याच ग्रंथात, मानवी केस धरून बसलेल्या रूपात. ती वरून चपटी. उडी नाही, कोशावस्थाही नाही.

• अस्सल व नक्कल : अस्सल पानावर घड्यांच्या खुणा आणि, कडा कापल्या नसल्यास, ताम्रपटाचा दाबठसा आढळतो, आधुनिक यांत्रिक छपाईत बहुधा भिंगाखाली ठिपके दिसतात.

• मुंबईत १८९६ साली उद्भवलेल्या प्लेगच्या साथीनंतर, १८९८ साली, फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत पिसवांद्वारे होणारा रोगप्रसार प्रयोगाने दाखविला. मात्र ती उंदरांवरची पिसू, चित्रातील मानवी पिसू नव्हे.