हार-जीत नसलेली विद्या

कुस्तीच्या हौद्यात सरस कोण ठरला हे प्रेक्षकांना विचारावे लागत नाही. ज्यूदोमध्येही गुण देणारे पंच असतात. आयकिदो या जपानी विद्येत मात्र बहुतेक ठिकाणी सामनेच होत नाहीत. मग तेथे नियमाने तालीम करणाऱ्या विद्यार्थ्याची प्रगती मोजायची कशी? आणि ती झाली, हे त्याचे त्याला तरी कळते कसे? प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

प्रथम थोडी ओळख. ही विद्या मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) यांनी घडवली. होक्काइदो बेटावर असताना ते सोकाकु ताकेदा यांच्याकडे दाइतो-र्‍यू ही झुंजीची विद्या शिकले. तिच्यातून पुढे त्यांनी जे उभे केले, त्यास १९४२ पासून आयकिदो हे नाव मिळाले. 'आय' म्हणजे जुळणे, 'कि' म्हणजे प्राणशक्ती आणि 'दो' म्हणजे मार्ग. अंगावर येणाऱ्याचा जोर जोराने अडवायचा नाही. त्याच्याच दिशेत मिसळून त्याचा तोल घालवायचा, हे तिचे सूत्र. आयकिकाई या संस्थेचे मुख्य केंद्र तोक्योच्या शिंजुकु भागात आहे. तेथील पहिला वर्ग सकाळी साडेसहाला भरतो. (पहिल्या तासाला धापा टाकत येणाऱ्या आपल्या मित्रमंडळींनी याची नोंद घ्यावी!)

नवख्याला वाटते, आज आपण कोणाला तरी फेकायला शिकणार. प्रत्यक्षात सुरुवातीचे दिवस पडण्यातच जातात. या पडण्याला 'उकेमी' म्हणतात. पुढे लोळायचे तर करंगळीच्या कडेने सुरुवात करून दंड, खांदा, पाठ आणि विरुद्ध बाजूची कंबर अशा तिरप्या रेषेत शरीर चाकासारखे फिरले पाहिजे. डोके चटईला लागता कामा नये. मागे पडताना हनुवटी छातीकडे हवी. आरंभी खांद्याचे हाड आपटते, श्वास कोंडतो आणि माणूस धोंड्यासारखा धप्पकन पडतो. पुढे हळूहळू तो आवाज कमी होत जातो. माझ्या मते ही पहिली खरी प्रगती, आणि तिच्यासाठी कोणी प्रमाणपत्र देत नाही.

पडण्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर तालमीच्या पद्धतीत आहे. शिक्षक डाव दाखवतात. मग विद्यार्थी जोडीजोडीने तो करतात. एक जण साधारण चारदा करतो, उजवीकडून आणि डावीकडून. मग भूमिका बदलतात. म्हणजे निम्मा वेळ प्रत्येकाने पडायचेच! मनगट धरले की नवखा ते ओढून सोडवू पाहतो. त्याचे खांदे वर चढतात आणि समोरचा बलवान असला की सारे तेथेच अडते. जुना विद्यार्थी हात आहे तेथेच ठेवतो आणि पाऊल टाकून कमरेतून वळतो. ही गोष्ट सांगून पाच मिनिटांत समजते, अंगात उतरायला मात्र वर्षे लागतात.

कागदावरची मोजणीही आहेच. आयकिकाईच्या परीक्षा पाचव्या 'क्यू'पासून पहिल्या क्यूपर्यंत उलट्या क्रमाने चालतात. पाचव्यासाठी निदान ३० दिवसांची तालीम लागते. नंतर अनुक्रमे ४०, ५०, ५० आणि ६० दिवस, आणि मग काळ्या पट्ट्याच्या पहिल्या 'दान'साठी आणखी ७०. एकूण ३०० दिवस झाले. आठवड्यातून तीनदा जाणाऱ्याला दोन वर्षे तरी लागणारच. लक्षात घ्या, हे दिवस हजेरीचे आहेत, विजयाचे नव्हेत.

येथेच टीकाकार बोट ठेवतात. जोडीदार ठरल्याप्रमाणे हल्ला करतो, ठरल्याप्रमाणे पडतो. मग आपला डाव खरा की लटका, हे कसे कळणार? हा आक्षेप बाहेरच्यांचाच नाही. १९४० मध्ये उएशिबांकडून आठवा दान मिळवणारे केंजी तोमिकी हे मूळचे ज्यूदोचे जाणकार. महायुद्धानंतर वासेदा विद्यापीठात शिकवताना त्यांनी आयकिदोत सामने आणले. उएशिबांच्या परंपरेला ते मान्य झाले नाही. त्यांच्या मते, जिंकण्याची ईर्षा आली की जुळवून घेण्याचे सूत्रच मोडते. दोन शाखा आजही वेगळ्या आहेत.

मला स्वतःला तोमिकींची शंका रास्त वाटते. ज्या तालमीत जोडीदार आधीच पडायला तयार असतो, तेथे विद्यार्थ्याची स्वतःविषयी गोड फसगत होऊ शकते. पण सामना हाच तिच्यावरचा एकमेव इलाज नव्हे. जोडीदाराने नीट, मनापासून धरले आणि तोल गेल्याशिवाय पडायचे नाकारले, तर चटईवर खरे-खोटे लपत नाही. तसा जोडीदार लाभणे आणि आपण दुसऱ्यासाठी तसे होणे, यावर या विद्येत बरेच अवलंबून असते.

पहिल्या दानला 'शोदान' म्हणतात. त्यातल्या 'शो' या अक्षराचा अर्थ 'आरंभ' असा आहे. काळा पट्टा म्हणजे पारंगतता, ही आपल्याकडची समजूत सिनेमाने दिलेली. शोदाननंतर दुसऱ्या दानसाठी किमान एक वर्ष आणि २०० दिवस लागतात, तिसऱ्यासाठी आणखी दोन वर्षे आणि ३०० दिवस. तेव्हाही सकाळी चटईवर उतरल्यावर आपल्या पाळीला चारदा पडावेच लागते, आणि समोर पुष्कळदा कालच नाव घातलेला पोरगा असतो.