गेन नेमका किती हवा?

ख्यालाची मैफल ध्वनिमुद्रित करताना तानपुऱ्याची विरत जाणारी आस आणि तार सप्तकातली जोरकस तान, दोन्ही टिपायच्या असतात. डायनॅमिक मायक्रोफोनमधून येणारा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा. त्याचे आकडे करणाऱ्या एडीसी चिपला मात्र पूर्ण मापासाठी साधारण २ व्होल्ट लागतात. ही तफावत प्रीॲम्प भरून काढतो; तो संकेत जितके पट वाढवतो, तो त्याचा गेन.

आजच्या बहुतेक ऑडिओ एडीसी डेल्टा-सिग्मा पद्धतीने चालतात. जपानच्या इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी ती १९६२ मध्ये मांडली. ४८ किलोहर्ट्झच्या ६४ पट, म्हणजे सेकंदाला ३० लाख ७२ हजार नमुने घेऊन ही चिप बहुतांश गोंगाट कानाच्या कक्षेबाहेर ढकलते. मग डिजिटल फिल्टर तो गाळतो. तरीही १२० डेसिबलच्या चिपमध्ये सुमारे २ मायक्रोव्होल्ट गोंगाट उरतोच.

मायक्रोफोनचा स्वतःचा गोंगाट याहून कमी असतो. २०० ओहमच्या रोधात इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीने २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पाव मायक्रोव्होल्ट निर्माण होतो. गेन ३० पट केला की तो साडेसात मायक्रोव्होल्ट होतो आणि चिपचा गोंगाट त्याखाली झाकला जातो. गेन आणखी वाढवून शांतता फारशी वाढत नाही, तोटे मात्र वाढतात. १०० पटीला २० मिलिव्होल्टपलीकडचा संकेत सपाट कापला जातो.

दुसरा तोटा सहज दिसत नाही. हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये सुचलेला ऋण फीडबॅक ॲम्प्लिफायरच्या शिल्लक ताकदीवर डिस्टॉर्शन दाबतो. प्रीॲम्पमधल्या १० मेगाहर्ट्झच्या ऑपॲम्प या ॲम्प्लिफायर चिपकडे २० किलोहर्ट्झला ५०० पट ताकद असते. त्यातली १०० पट गेनमध्ये गेली, तर दुरुस्तीला ५ पटच उरते. तेच काम १० पटींच्या दोन टप्प्यांत विभागले, तर प्रत्येकाकडे ५० पट राहते.

शेवटच्या टप्प्याची कसोटी वेगळीच. अनेक एडीसींच्या तोंडाशी स्विच केलेले कपॅसिटर असतात. प्रत्येक नमुन्याला ते विद्युतभाराचा झटका मागे देतात. ऑपॲम्प वेळेत सावरला नाही, तर डिस्टॉर्शन वाढते. म्हणून मध्ये छोटा रोध आणि कपॅसिटर बसवतात. हा कपॅसिटर सीझीरोजी जातीचा निवडतात, कारण एक्स७आर जातीच्या सिरॅमिकची धारकता व्होल्टेजनुसार बदलते आणि तो बदलच डिस्टॉर्शनला कारण ठरतो.

२०१९ मध्ये आलेल्या झूम एफ६ या रेकॉर्डरने प्रत्येक मार्गिकेला वेगवेगळ्या गेनच्या दोन एडीसी दिल्या: एक हळुवार स्वरांसाठी, दुसरी जोरकस स्वरांसाठी. मुद्रणापूर्वी गेन जुळवण्याची धाकधूक त्यामुळे खूप कमी झाली. मात्र एडीसीच्या आधीच्या ॲम्प्लिफायरमध्ये कापला गेलेला संकेत या रचनेलाही परत मिळवता येत नाही.