गोळा की गुठळी?

गणपतीला मुंबईहून चिपळूणजवळच्या अलोऱ्याला निघालेला माणूस किती तास बसून राहील, हे मुंबई-गोवा महामार्ग ठरवतो. गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, पोटऱ्या लोंबत्या, आणि वाटेत उतरायला लागू नये म्हणून पाणीही घोट-घोटच. घरी पोचल्यावर पोटरी दुखली की आई म्हणणार, गोळा आलाय, तेल चोळ. बहुतेक वेळा तो गोळाच असतो. क्वचित ती शिरेतली गुठळी असते. तेव्हा मात्र चोळू नये, कारण सुटलेली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकू शकते.

शिरेत रक्त का गोठतं, याची तीन कारणं जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो याच्या नावाने शिकवली जातात : प्रवाह मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल. पहिलं कारण अलोऱ्यात कुणाला समजावून सांगायला नको. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं, कोळकेवाडीच्या धरणात थांबतं, कोयना वीजप्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याची टर्बाइन्स फिरवून वाशिष्ठीला मिळतं. थांबलं की गाळ बसायचाच. हे साम्य फार ताणू नये, एवढंच. गुठळी म्हणजे गाळ नव्हे. रक्तातली प्रथिनं एकामागून एक जागी होऊन फायब्रिनचं जाळं विणतात, तेव्हा ती बनते.

आता याच प्रवाशाने दोन महिन्यांपूर्वी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू केली आहेत असं धरा. औषध खोटं नाही. १९३५ साली ते अॅमस्टरडॅममध्ये बैलांच्या वृषणांतून वेगळं केलं गेलं, आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत बनवलंही गेलं. वृषणं किंवा पिट्युटरी ग्रंथी खरोखरच काम करत नसेल, तर त्याला पर्याय नाही. पण पन्नाशीतल्या थकव्यावर किंवा जिममधल्या कुणाच्या सल्ल्यावरून ते टोचून घेणं हा वेगळा व्यवहार झाला.

हे संप्रेरक यकृतातलं हेप्सिडिन कमी करतं. हेप्सिडिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या कोठाराचा कुलूपदार. तो ढिला पडला की लोह मोकळं होतं आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी जोमाने बनवू लागते. रक्त दाट होतं. हे डोळ्यांनी बघता येतं : केसासारख्या बारीक काचनळीत रक्त घेऊन यंत्रात गरगर फिरवलं की तळाला तांबडा थर बसतो, वर पिवळसर पाणी राहतं. तांबडा थर एकूण उंचीच्या किती टक्के, तो आकडा म्हणजे पीसीव्ही. सीबीसी या रक्ततपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिनच्या आसपास छापलेला असतो. कुणी वाचत नाही. पुरुषांत तो साधारण ४० ते ५०. उपचारात ५४ च्या वर गेला, तर इंजेक्शन थांबवून तो खाली येऊ द्यायचा असा नियम आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये या औषधांच्या वेष्टनावर शिरेतल्या गुठळ्यांचा इशारा छापायला लावला. ब्रिटनमधल्या नोंदींवरच्या २०१६ च्या अभ्यासात धोका पहिल्या सहा महिन्यांत वाढलेला दिसला : दहा हजार पुरुषांमागे वर्षाला सुमारे दहा जादा रुग्ण. २०२३ च्या पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण फुप्फुसातल्या गुठळ्या टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत ०.९ टक्के आणि औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत ०.५ टक्के होत्या. आकडा लहान आहे, घाबरून जाण्यासारखा नाही. मात्र अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे डॉक्टर चार्ल्स ग्लूक यांनी पाहिलेल्या रुग्णांपैकी अनेकांत रक्त लवकर गोठण्याचा दोष जन्मजातच होता, आणि औषधाने तो उघडा पडला. म्हणून माझ्या मते सुई टोचण्याआधीचा प्रश्न सोपा आहे : घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का? आपल्याकडे तो विचारायचं राहून जातं.

तर मग अलोऱ्याच्या त्या ओटीवर तेलाची बाटली बाजूला ठेवून शिंप्याची टेप आणावी. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. फरक तीन सेंटिमीटरहून जास्त असेल, तर डॉक्टर शिरांची डॉपलर सोनोग्राफी सांगतात. फरक कमी निघाला, पण धाप लागतेय किंवा छातीत टोचतंय, तर टेप तशीच टाकून गाडी काढायची, चिपळूणच्या दिशेने.